खपली धरेपर्यंत

आम्हाला एका वेलीची साल आणायची होती. सहा आठवड्यांच्या आत! नाही आणली तर प्रयोगशाळेच्या मोठ्या नोंदवहीत, सत्तेचाळीस नंबरच्या ओळीसमोर, दोन शब्द कायमचे लिहिले जाणार होते : ‘मोजणीतील चूक’. आणि ती मोजणी माझी होती.

आधी मोजणी म्हणजे काय ते सांगते. हिवतापाचे परजीवी तुम्ही पाहिले नसतील. डास चावला की ते माणसाच्या रक्तात शिरतात आणि पुढे तांबड्या पेशींच्या आत घर करून राहतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्यांना मुद्दाम पाळतो. काचेच्या बशीत माणसाचं रक्त आणि पोषक पाणी घालायचं, बशी मोठ्या बरणीत ठेवायची, शेजारी मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. ज्योत आतला बराचसा प्राणवायू खाते आणि विझते. तेवढ्या कोंदट हवेतच या मंडळींना बरं वाटतं! त्यांचं पाणी रोज बदलावं लागतं. एक दिवस चुकला की ती मरायला लागतात. म्हणून एकोणीस वर्षं मी सलग दोन दिवस कुठे गेले नव्हते. भाचीच्या लग्नातूनही मी न जेवता परतले. पुढे बहिणीनं बोलावणं सोडलं. तिचं तरी काय चुकलं? ‘परजीवी जेवायचे राहिलेत’ हे कारण कोणाला पटणार!

या परजीवींवर आम्ही औषधी झाडांचे अर्क घालून बघतो. दोन दिवसांनी बशीतला एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. आजारी पेशीत खड्याच्या अंगठीसारखा एक बारीक आकार दिसतो. तो दिसला की हातातल्या यंत्राची कळ दाबायची. टिक. पुन्हा दिसला, टिक. दिवसभर खोलीत तेवढाच आवाज.

सत्तेचाळीस नंबर आणला आमच्या सरांनी. सर वनस्पतींचे जाणकार. डोक्यावर टोपी, गळ्यात भिंग, खिशात सुतळीचा गुंडा. अकरा वर्षांपूर्वी डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका सुईणबाईकडून त्यांनी सालीची एक पुडी आणली. बाई ती तापावर द्यायच्या. त्या दिवशी घाई होती, म्हणून पुडी होती तशीच कुटली, अर्क काढला आणि बशीत घातला. दोन दिवसांनी मी मोजायला बसले. पाचशे पेशी झाल्या. हजार झाल्या. दोन हजार झाल्या. एकही टिक नाही! मी उठले, तोंड धुऊन आले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकही नाही.

सर त्या दिवशी लहान मुलासारखे टेबलाभोवती फिरले. मग ते स्वतः डोंगरात गेले आणि पिशवीभर साल घेऊन आले. ती घातली, तर परजीवी मजेत वाढले. ते परत गेले, परत आणली. पुन्हा तेच. चार वेळा तेच झालं. शेवटच्या खेपेनंतर त्यांनी मला विचारलं, “तुला खात्री आहे ना गं?” मी म्हटलं, “आहे.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. दोन वर्षांपूर्वी सर गेले.

आता नवे प्रमुख आले होते. माणूस सरळ होता. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली.

“ताई, एकदा मेले आणि चारदा मेले नाहीत. मी कशावर विश्वास ठेवू?”

“मी दोनदा मोजलं होतं.”

“दोनदा मोजलंत, पण डोळे तेच होते ना? सहा आठवड्यांनी ही खोली दुसऱ्या कामाला लागणार आहे. तोवर काही हाती आलं तर आणा. नाही आलं, तर ही ओळ मला ‘मोजणीतील चूक’ लिहून मिटवावी लागेल.”

मी खोलीत येऊन त्या दिवशीचं पाणी बदललं आणि बरणीत नवी मेणबत्ती लावली. मग धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची मुलगी. तिला सगळं काम येत होतं, फक्त मी तिला ते कधी एकटीनं करू दिलं नव्हतं.

“मी डोंगरात जाते. यांना जेवायला घालशील?”

“घालीन की.”

“रोज?”

“रोज.”

“रविवारी?”

“ताई, रविवार रोजमध्येच येतो!”

अशी आमची मोहीम निघाली. मोहीम म्हणजे काय, मी, प्रयोगशाळेची जीप आणि सरांना चारही वेळा नेणारा ड्रायव्हर. तो दोन दिवस गाडी हाकत होता आणि दोन दिवस सांगत होता, “ताई, चाकाखाली रस्ता आहे तोवर मी वाघ. पुढचं माझ्याकडून धरून चालू नका.”

रस्ता संपला तिथे सुईणबाईचं घर होतं. बाई सत्तरीच्या पुढच्या, हाडकुळ्या, चालताना मात्र आम्हा दोघांपेक्षा चपळ. आसपासच्या वस्त्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. मी सगळी हकिगत सांगितली. त्या ऐकत होत्या आणि पाठीवरची पिशवी भरत होत्या.

“टोपीवाला गेला म्हणतेस?”

“हो.”

“चांगला होता. पण फार लिहायचा,” त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

पहिल्या दिवशी जंगल होतं. उंच, दमट, काळोखं. पायाखाली कुजलेल्या पानांचा थर इतका जाड की पाऊल टाकल्याचा आवाजही व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दरी आली. तळाशी नदी होती, फार मोठी नव्हे, पण दगडांवरून आपटत जाणारी. ड्रायव्हरनं कमरेला दोर बांधला, डोळे मिटले, मग उघडले, मग आमच्या दोघींकडे बघून म्हणाला, “हसू नका.” आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेला! दोराचं टोक त्यानं पलीकडच्या झाडाला बांधलं, दुसरं अलीकडच्या खडकाला. त्याला धरून आम्ही ओलांडलो. मग कडा. दोन खडकांच्या फटीतून, पाठ एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला रेटत, वीतवीत वर. माझं वय तेव्हा चौपन्न. फटीच्या मध्यावर मी खाली बघितलं.

“ड्रायव्हर, मला उतरता येणार नाही,” मी म्हटलं.

“मग चढा,” खालून आवाज आला. “तुम्ही पडलात तर माझ्यावर पडाल. माझं काय चुकलंय?”

मी चढले.

वर पठार होतं आणि त्याच्या टोकाला आणखी एक बुटका कडा. कड्याच्या पायथ्याशी उतारावर त्या वेली होत्या. मनगटाएवढ्या जाड, राखी सालीच्या, झाडांना मिठ्या मारून वर गेलेल्या. मी वही काढली. सरांनी शिकवल्याप्रमाणे एकेक वेल तपासली. पंधरा वेली. त्यांतल्या तिघींच्या बुंध्यांची साल कोणीतरी कुरतडली होती, जखमा ताज्या होत्या, चीक वाहत होता. शेजारीच एक काळा-पांढरा काटा पडला होता. साळिंदर! मी लिहिलं : ‘साळिंदराने कुरतडलेल्या तीन. निरुपयोगी.’ मग सगळ्यांत सुंदर वेल निवडली. सरळ, गुळगुळीत, एक डाग नाही.

“ही घेऊ,” मी म्हटलं.

सुईणबाईंनी कमरेवर हात ठेवले. “स्थळ बघायला आलीस का? गोरीगोमटी शोधतेस ती!”

“म्हणजे?”

त्यांनी पिशवीतून एक जुनी पुडी काढली. आत सालीचे काळे, जाड, खडबडीत तुकडे होते. “जिभेला लाव.” मी लावला. तोंड कडवट झालं आणि जीभ बधिर! मग त्यांनी त्या सुंदर वेलीची साल नखानं काढून माझ्या तोंडात घातली. काहीच नाही. लाकूड चघळल्यासारखं. (अनोळखी झाडाची साल तुम्ही कधीही तोंडात घालू नका. आमच्यासोबत जाणकार बाई होती.)

“ही वेल उगाच कडू होत नाही,” त्या म्हणाल्या. “तिला जखम करायची. मग थांबायचं. ती चिडते, रडते, मग खपली धरते. औषध त्या खपलीत आहे. पंधरा दिवस लागतात. घाई केलीस तर हाती काही लागत नाही. बाळंतपणासारखंच आहे ते.”

“हे सरांना सांगितलं नव्हतं?”

“वेल कुठली, विचारलं. दाखवली. कुठल्या महिन्यात फुलते, विचारलं. सांगितलं. साल कशी काढतेस, हे विचारलंच नाही. मान खाली घालून लिहीत होता. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, त्याला माहीत असणार.”

मी तिथेच दगडावर बसले. वनस्पतींचा जाणकार नमुना कसा निवडतो, ठाऊक आहे? किडका नको, तुटका नको, डागाळलेला नको. सर चारही वेळा सगळ्यांत निरोगी वेल शोधून तिची स्वच्छ साल घेऊन आले होते. आणि त्यातूनही एखादा काळा डाग राहिलाच, तर तो पातीनं खरडून टाकायचं काम माझं होतं! स्वच्छ कामाबद्दल सर माझं कौतुक करायचे. आम्ही दोघांनी मिळून, अतिशय काळजीपूर्वक, औषध केराच्या टोपलीत टाकलं होतं.

सुईणबाईंनी त्या सुंदर वेलीवर विळ्यानं बोटभर लांबीचे वीस-पंचवीस घाव घातले. “एका खेपेला एकच वेल,” त्या म्हणाल्या. “आणि घावात पाणी साचू द्यायचं नाही. कुजते. रोज पुसायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर त्यांचा पाय घसरला. मी कळशी ठेवून धावले, तोवर घोटा सुजून फळासारखा झाला होता. हाड मोडलं होतं. त्या स्वतःच चाचपून म्हणाल्या, “मोडलं. आता मला खाली न्या. आणि ओरडू नका, ओरडायचं मला आहे.”

ड्रायव्हर त्यांना पाठीवर घेऊन उतरू शकत होता. प्रश्न माझा होता. खाली जाऊन परत यायला आठ-नऊ दिवस गेले असते. तोवर घाव कोण पुसणार? आणि साळिंदर तर शेजारीच होतं.

“मी थांबते,” मी म्हटलं.

“एकट्या?” ड्रायव्हर म्हणाला. “ताई, खूळ लागलंय का? पंधरा दिवस?”

“एकोणीस वर्षं एकटीच बसतेय. इथे निदान उजेड आहे.”

आपला शिधा त्यानं माझ्या पिशवीत रिकामा केला. कड्याच्या फटीत कायमचा दोर सोडला. “सतराव्या दिवशी दुपारी मी दरीच्या पलीकडे उभा असेन. नसलो, तर समजा गाडी बिघडलीय. पण मी असेन.” सुईणबाईंना पाठीवर बांधून तो फटीत उतरला. बराच वेळ त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. “हळू रे, मी पोतं आहे का?” “मावशी, पोतं बोलत नाही.” मग तेही ऐकू येईनासं झालं.

पहिले तीन दिवस मला बरं वाटलं. सकाळी घाव पुसायचे, दुपारी झऱ्यावरून पाणी आणायचं, संध्याकाळ व्हायच्या आत मच्छरदाणीत शिरायचं. प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. घाव क्रमांक एक, दोन, तीन. चिकाचा रंग पिवळट. चौथ्या दिवशी मी एका पाखराला “शुक्!” म्हटलं आणि दचकले. आवाज घोगरा, अनोळखी होता. तीन दिवसांत मी एक शब्दही उच्चारला नव्हता.

मग मी बोलायला लागले. वेलीशी बोलायचे. “आज कसं वाटतंय?” तिचा चीक घट्ट होत चालला होता. कडा तपकिरी होत होत्या. तिला मी सरांचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. एकदा तर बहिणीशी ज्या गोष्टीवरून खरं भांडण झालं, तीही सांगून टाकली. पठारावर वारा होता, गवत होतं आणि लांबवर निळ्या डोंगरांच्या ओळी होत्या, एकीमागे एक, न संपणाऱ्या. त्यांत कुठेही धूर नाही, छप्पर नाही. मला प्रयोगशाळेतल्या त्या टिकची आठवण यायची. माणसाची नव्हे, टिकची! हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच कीव आली.

सोबत होती ती एका साळिंदराची. तिन्हीसांजेला काटे खुळखुळवत ते यायचं. त्याचा डोळा आता माझ्या वेलीवर होता. मी पातेलं बडवायचे, ते थांबायचं, पाठ फुगवायचं, मग नाराज होऊन शेजारच्या वेलीकडे वळायचं. “लाज वाटत नाही?” मी ओरडायचे. “आधीच तिघींची वाट लावलीस!” पण एखाद्या संध्याकाळी ते आलं नाही, तर मी मच्छरदाणीतून कान लावून बसायचे.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. तो पाऊस अवेळी होता, पण असा होता की पठारच नदी झालं! मी माझी ताडपत्री काढून वेलीभोवती गुंडाळली आणि स्वतः कड्याला चिकटून भिजत उभी राहिले. रात्र संपली, पाऊस संपेना. बाराव्या दिवशी सकाळी घाव पुसायला निघाले आणि वरून एक खडा टपकला. मग दुसरा. मग मूठभर माती.

मी वर बघितलं. कड्याचा एक भाग हलत होता.

मी पळाले! मागून आवाज आला, आवाज नव्हे, धक्काच. जमीन पायाखालून उसळली. मी तोंडावर पडले. डोकं हातांत लपवलं. दगड गेले. झाडं मोडली. काहीतरी माझ्या पिंढरीवर आदळलं आणि पुढे गेलं. मग सगळं थांबलं, आणि नुसता पाऊस वाजत राहिला.

मी उठले तेव्हा अर्धा उतार नव्हता. जिथे माझी वेल होती तिथे लाल चिखलाचा ओघळ होता, आणि तो खाली धुक्यात कुठेतरी संपत होता. ताडपत्रीचा एक कोपरासुद्धा दिसत नव्हता.

त्या दिवशी मी रडले. कोणी बघणारं नव्हतं, तरी तोंड झाकून रडले. बारा दिवस! पुन्हा घाव घालावेत, तर पंधरा दिवस थांबायला शिधा नव्हता आणि प्रमुखांच्या सहा आठवड्यांतही तेवढे दिवस उरले नव्हते. मला प्रमुखांचा राग आला नाही. वेलीचं वाईट वाटलं. तिला जखमी आम्ही केलं होतं.

पाऊस तेराव्या दिवशी थांबला. मी सामान आवरायला घेतलं. वही ओली झाली होती, म्हणून पानं सुटी करून उन्हात वाळवायला बसले. वाळवता वाळवता वाचत होते. पहिल्या दिवसाचं पान हाती आलं. पंधरा वेली. ‘साळिंदराने कुरतडलेल्या तीन. निरुपयोगी.’

मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. निरुपयोगी? कोणी लिहिलं हे? मीच! सुईणबाईंच्या तोंडून सगळं ऐकल्यावरही मी ही ओळ खोडली नव्हती. बारा दिवस त्या तिघींच्या शेजारून पाणी नेत होते, आणि एकदाही वळून बघितलं नव्हतं. कारण त्या खराब होत्या!

मी धावले. पिंढरी ठणकत होती, तरी धावले. उताराची डावी बाजू शाबूत होती. पहिली वेल दरडीत गेली होती. दुसरी होती! तिसरीही होती! दोघींच्या बुंध्यांवर, साळिंदराच्या दातांच्या खुणांभोवती, काळ्या, जाड, खडबडीत खपल्या धरल्या होत्या. मी नखानं एक कण काढला आणि जिभेवर ठेवला. कडू. थांबले. जीभ बधिर!

जखम विळ्यानं झाली की दातांनी, वेलीला काय त्याचं?

तरीही मी पंधरावा दिवस उजाडेपर्यंत थांबले. हात शिवशिवत होते, पण सुईणबाईंचे शब्द पाठ होते. मग पातीनं खपल्या हलकेच उचलल्या, सगळ्या नाही, निम्म्या. उरलेल्या वेलीच्या कामाच्या होत्या, त्या तिनं स्वतःसाठी धरल्या होत्या. चांगल्या दोन ओंजळी भरल्या. एक ओंजळ मोठ्या पिशवीत, वहीसोबत. दुसरी पत्र्याच्या डब्यात, झाकणाला मेण लावून. त्या संध्याकाळी साळिंदर आलं तेव्हा मी पातेलं बडवलं नाही.

सतराव्या दिवशी डबा डोक्यावर फडक्यानं घट्ट बांधला, दोराला धरून फटीतून उतरले आणि दुपारी दरीशी पोहोचले. नदी ओळखू येत नव्हती. गुडघाभर पाण्याच्या जागी तपकिरी, घोंगावणारा लोंढा! आणि पलीकडच्या काठावर, एका झाडाला पाठ लावून, ड्रायव्हर उभा होता.

मी इतकी ओरडले की घसा फाटला. त्यानं हात हलवले. काय बोलत होता ते पाण्यात ऐकू येत नव्हतं, पण खुणेनं म्हणत होता : थांबा, थांबा! पण किती थांबणार? शिधा आदल्या दिवशीच संपला होता. दोर मात्र अजून ताणलेला होता, पाण्यापासून हातभर वर.

मी पिशवी पाठीला लावली, कमरेला सुतळीचे चार वेढे घालून ते दोराला अडकवले आणि आत शिरले.

थंडी! श्वासच थांबला. चार पावलं दगड लागला. मग दगड नाही. पाय सुटले. मी दोराला लटकले, पाणी मला आडवं करून ओढत होतं. हात पुढे. दुसरा हात पुढे. मध्यावर आले आणि पिशवीत पाणी भरलं. ती मला खाली खेचायला लागली. सुतळी करकरली. डोकं पाण्याखाली गेलं. वर आलं. पुन्हा गेलं.

पिशवी सोडायला हवी होती. पिशवीत ओंजळभर खपल्या होत्या. वही होती. पंधरा दिवस मी जिच्यात रोज लिहिलं ती वही! मी एका हाताचा पट्टा काढला. मग दुसऱ्याचा. पिशवी पाठीवरून उचलली गेली, एकदा वर आली आणि दिसेनाशी झाली.

मी हलकी झाले. हात पुढे. हात पुढे. मग कोणीतरी माझं मनगट धरलं. ज्याला गुडघाभर पाण्याची भीती वाटायची, तो ड्रायव्हर छातीपर्यंत पाण्यात उभा होता!

“डबा?” मी विचारलं.

“आधी श्वास घ्या,” तो म्हणाला. “डोक्यावरच आहे तुमच्या. मुंडकं सोडून सगळं हरवलंत वाटतं!” आणि मग तो माझ्याकडे पाठ करून बराच वेळ डोळे पुसत राहिला.

सुईणबाई पाय प्लास्टरमध्ये घालून घरात बसल्या होत्या. साळिंदराची हकिगत ऐकून त्या खूप हसल्या. “माझ्या आईला कोणी शिकवलं असेल, आता कळलं,” त्या म्हणाल्या.

खपल्या मी सावलीत वाळवल्या, कुटल्या, अर्क काढला. खरडलं काहीच नाही. मग धाकटीला सांगितलं, “चार बशा लाव. एकीत खपलीचा अर्क. एकीत सरांनी शेवटच्या खेपेला आणलेल्या स्वच्छ सालीचा. एकीत नेहमीचं हिवतापाचं औषध, आणि एकीत काहीच नाही. बशांवर फक्त खुणा कर. कुठली खूण कशाची, ते ना मला सांग, ना प्रमुखांना.”

दोन दिवसांनी प्रमुख आले. मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

“तुम्ही नाही मोजणार?”

“माझे डोळे झाले मोजून. आता तुमचे.”

पहिली काचपट्टी. टिक, टिक, टिक. दुसरी. टिक, टिक, टिक, टिक. तिसरी लावली आणि खोली गप्प झाली. ते काचपट्टी सरकवत राहिले. पाचशे पेशी. हजार. एकदा त्यांनी यंत्र बंद पडलं का बघितलं. दोन हजार. चौथी काचपट्टीही तशीच, गप्प. मग त्यांनी तिसरी परत लावली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली.

“दोन बशांत जीवच नाही,” अखेर ते म्हणाले. “एक औषधाची असणार. दुसरी?”

धाकटीनं कागद उलगडला. तिसरी काचपट्टी सत्तेचाळीस नंबरची होती. खपलीची.

प्रमुख उठले. चष्मा पुसला. “बशीत मरणं वेगळं आणि माणसाच्या अंगात मरणं वेगळं, ताई. अजून किती वर्षं लागतील कोण जाणे.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “लागू देत.”

“खोली राहील,” ते म्हणाले आणि वही माझ्यासमोर ठेवून गेले. धाकटी बशा धुवायला गेली. मी एकटीच राहिले. हे सांगावं असं एकच माणूस होतं, आणि ते दोन वर्षांपूर्वीच निघून गेलं होतं. मी त्यांच्या अक्षरातली सत्तेचाळीस नंबरची ओळ काढली. त्या ओळीशेवटी त्यांनी बारीकसं प्रश्नचिन्ह केलं होतं. मी ते खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं :

‘साल, खपलीसकट. खरडू नये.’